पक्का सांधा

(पाठ परिचय : घरातील लाकडी वस्तू सैल झाली किंवा मोडली, तर ती इपॉक्सी नावाच्या चिकटद्रव्याने जोडता येते. मात्र त्यासाठी काही नियम पाळावे लागतात. हे नियम कोणते आणि ते का पाळायचे, हे लेखिकेने या पाठात स्वतःच्या अनुभवातून सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. घरातील प्रत्येक खुर्ची, स्टूल, तख्त आणि दार हाताने हलवून पाहा. एखादा पाय डुगडुगत असेल. एखादी बिजागरी सैल झाली असेल. एखादी फळी चिरली असेल. अशा वस्तू आपण रोज पाहतो आणि ‘पुढे बघू’ म्हणून सोडून देतो. मी मात्र एकदा अशी वस्तू दुरुस्त केली होती. ती दुरुस्ती चुकीची होती. चुकीची दुरुस्ती मोडक्या वस्तूपेक्षाही धोक्याची असते, हे मला त्या दिवशी कळले.

मी तेव्हा नववीत होते. आमचे घर धुळ्यात होते. मे महिन्याची सुट्टी चालू होती. आमच्या स्वयंपाकघरात एक जुने सागवानी स्टूल होते. त्याचा एक पाय सैल होऊन खाचेतून बाहेर येत असे. अब्बांनी दुकानातून इपॉक्सीच्या दोन नळ्या आणून ठेवल्या होत्या. रविवारी ते स्टूल दुरुस्त करणार होते. पण त्याआधी आपणच ते काम करून सगळ्यांना चकित करावे, असे मला वाटले.

मी पाय उपसून काढला. खाचेत धूळ होती आणि जुन्या चिकटद्रव्याचा वाळलेला थर होता. मी तिकडे लक्ष दिले नाही. दोन्ही नळ्यांतील पदार्थ एकत्र केले. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर दुप्पट घातले. पाय खाचेत बसवला आणि स्टूल उभे केले. पाकिटावर ‘एक रात्र ठेवा’ असे लिहिले होते, ते मी वाचलेच नव्हते. तासाभराने हात लावून पाहिला, तर पाय हलत नव्हता. ‘‘अम्मी, स्टूल दुरुस्त झाले!’’ असे मी आनंदाने ओरडून सांगितले.

संध्याकाळी अम्मी त्या स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा डबा काढू लागली. पाय निसटला. अम्मी फरशीवर पडली आणि तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे तिचा हात प्लास्टरमध्ये होता. त्या दिवसांत पीठ मळायला आणि कळण्याच्या भाकरी थापायला मी शिकले. अम्मी मला एक शब्दही रागावून बोलली नाही. त्यामुळे मला अधिकच वाईट वाटत असे. स्टूल डुगडुगत होते, तेव्हा ती त्यावर कधीच चढत नव्हती. मी ‘दुरुस्त झाले’ म्हटले, म्हणून ती चढली.

काही दिवसांनी अब्बांनी मला आणि त्या स्टुलाला मोहल्ल्यातील एका वयस्कर सुताराकडे नेले. आम्ही त्यांना मिस्त्रीचाचा म्हणत असू. चाचांनी निसटलेला पाय हातात घेतला आणि त्याचे टोक नखाने खरवडले. माझे इपॉक्सी अजूनही रबरासारखे मऊ होते. शिवाय ते लाकडाला चिकटलेच नव्हते, जुन्या थराला चिकटले होते. चाचा म्हणाले, ‘‘बेटी, सामान चांगले होते. तुझी घाई आडवी आली. तू लाकूड साफ केले नाहीस, माप पाळले नाहीस आणि वेळ दिला नाहीस.’’

साफसफाई, माप आणि वेळ या तीन गोष्टी का महत्त्वाच्या आहेत, हे समजण्यासाठी आधी इपॉक्सी म्हणजे काय, ते पाहू.

पूर्वी सुतार लाकूड जोडण्यासाठी सरस वापरत. उर्दूतील ‘सरेश’ तो हाच. जनावरांची कातडी आणि हाडे उकळून सरस बनवतात. तो गरम करून लावावा लागतो आणि ओल लागली की सुटतो. १९५९ साली बळवंत पारेख यांच्या मुंबईतील कंपनीने फेव्हिकॉल हे पांढरे चिकटद्रव्य बाजारात आणले. ते तापवावे लागत नाही, म्हणून सुतारांचे काम सोपे झाले. या पांढऱ्या चिकटद्रव्यात पाणी असते. पाणी निघून गेले की ते वाळते आणि आकसते. दोन लाकडे एकमेकांना अगदी चिकटून बसत असतील, तर ते उत्तम काम करते. पण खाच झिजून मोठी झाली असेल, तर आत पोकळी राहते. अशा ठिकाणी इपॉक्सी उपयोगी पडते, कारण ते जागा भरून काढते आणि फारसे आकसत नाही.

इपॉक्सी सुतारासाठी शोधले गेले नव्हते. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ पिएर कास्तां हे दातांच्या कामासाठी उपयोगी पडेल असा पदार्थ शोधत होते. त्या शोधातून इपॉक्सी पुढे आले. १९४६ साली तेथील एका कंपनीने ‘ॲराल्डाइट’ या नावाने ते चिकटद्रव्य म्हणून लोकांसमोर आणले. आज होड्या आणि विमाने बनवतानाही इपॉक्सी वापरतात. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसरात उंच पवनचक्क्या आहेत. अशा मोठ्या पवनचक्क्यांची पाती बनवताना काचेचे तंतू इपॉक्सीसारख्या रेझिनमध्ये भिजवतात.

इपॉक्सीच्या एका नळीत रेझिन असते आणि दुसरीत हार्डनर. दोन्ही वेगवेगळे असताना घट्ट होत नाहीत. एकत्र आले की त्यांच्यात रासायनिक क्रिया सुरू होते आणि उष्णता बाहेर पडते. म्हणजे इपॉक्सी ओल्या कपड्यासारखे वाळत नाही. रेझिनचे आणि हार्डनरचे कण जणू एकमेकांचे हात धरतात आणि त्यांचे एक घट्ट जाळे तयार होते. हार्डनर जास्त झाले, तर पुष्कळ कणांना हात धरायला कोणी मिळत नाही. ते तसेच जाळ्यात अडकून राहतात आणि जाळे कमजोर होते. माझे इपॉक्सी मऊ राहिले, त्याचे कारण हेच. हार्डनर वाढवल्याने काम लवकर होत नाही, काम बिघडते.

आता मिस्त्रीचाचांनी माझ्याकडून ते स्टूल पुन्हा कसे दुरुस्त करून घेतले, ते क्रमाने पाहा.

प्रथम साफसफाई. पायाच्या टोकाला सुतार कुसू म्हणतात. मी कुसू आणि खाच पटाशीने व खरबरीत पॉलिश पेपरने घासली. जुना थर निघून कोरे लाकूड दिसू लागले. चाचा म्हणाले, ‘‘लाकूड आरशासारखे गुळगुळीत करू नकोस. थोडे खरबरीत असले की पकड चांगली बसते.’’ मग कोरड्या ब्रशने धूळ झटकली. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असते. म्हणून थिनर लावलेल्या स्वच्छ कापडाने ते पुसले आणि थिनर पूर्ण उडून जाऊ दिले. लाकूड ओले असेल, तर हे काम करायचेच नाही. आधी ते काही दिवस सावलीत वाळवायचे.

त्यानंतर चिकटद्रव्य न लावताच पाय खाचेत बसवून पाहिला. नीट बसतो का, स्टूल सरळ उभे राहते का, हे आधीच पाहावे. चिकटद्रव्य लावल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही.

पुढे माप. आमच्या पाकिटावर समान माप सांगितले होते. म्हणून फरशीच्या तुकड्यावर दोन्ही नळ्यांतून सारख्या लांबीच्या आणि सारख्या जाडीच्या दोन रेषा काढल्या. काही कंपन्यांचे माप वेगळे असते, म्हणून पाकीट वाचल्याशिवाय नळी उघडू नये. मग दोन्ही पदार्थ काडीने दोन-तीन मिनिटे घोटले. कडेचे आणि तळाचेही ओढून घेतले. रंग सगळीकडे सारखा दिसू लागला, तेव्हाच थांबलो.

आता लावणे. लाकडाच्या कापलेल्या टोकातून इपॉक्सी आत शोषले जाते. म्हणून आधी कुसवाला आणि खाचेला पातळ हात दिला. उरलेल्या इपॉक्सीत बारीक, कोरडा लाकडाचा भुसा मिसळून ते दाट केले आणि खाचेत भरले. पाय बसवला. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून चारही पायांभोवती ताणून गुंडाळली. पट्टी आणि सांधा यांच्यामध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा ठेवला, कारण इपॉक्सी अशा पिशवीला चिकटत नाही. मी पट्टी फार जोराने ओढू लागले, तेव्हा चाचांनी थांबवले. जास्त दाबले तर सगळे इपॉक्सी बाहेर येते आणि सांधा कोरडा पडतो. बाहेर आलेले थोडे इपॉक्सी लगेच कापडाने पुसले. ते एकदा घट्ट झाले की पटाशीशिवाय निघत नाही.

शेवटी वेळ. इपॉक्सीचे मुख्य दोन प्रकार दुकानात मिळतात. झटपट प्रकार सुमारे ५ मिनिटांत घट्ट होऊ लागतो. दुसरा सावकाश घट्ट होणारा प्रकार रात्रभर ठेवावा लागतो. वजन पेलणाऱ्या सांध्यासाठी सावकाश प्रकार घ्यावा. त्यात लाकडात मुरायला आणि सांधा नीट बसवायला वेळ मिळतो. हाताला घट्ट लागले म्हणजे पूर्ण ताकद आली, असे नाही. पूर्ण ताकद यायला २४ तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. चाचांनी स्टूल दोन दिवस कोपऱ्यात ठेवायला सांगितले. तिसऱ्या दिवशीही त्यावर कोणाला बसू दिले नाही. आधी पाण्याने भरलेल्या दोन कळश्या ठेवल्या. त्या तासभर तशाच राहिल्या. मग अब्बा बसले.

आपल्या खानदेशात हे काम करताना हवेचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. थंडीत धुळ्याची पहाट कधी कधी ८-१० अंशांपर्यंत खाली येते. कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि पावसाळ्यात ओल पिऊन फुगते. वर्षानुवर्षे असे होत राहिले की सांधे सैल होतात. इपॉक्सीवरही तापमानाचा परिणाम होतो. तापमान १० अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. समजा, एक इपॉक्सी २५ अंशांना ६० मिनिटे वापरता येते. तर ते ३५ अंशांना सुमारे ३० मिनिटे आणि ४५ अंशांना सुमारे १५ मिनिटेच वापरता येईल. म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर, सावलीत करावे. एका वेळी थोडेच मिश्रण करावे आणि ते वाटीत साठवून न ठेवता फरशीवर पसरून ठेवावे. वाटीत त्याची स्वतःची उष्णता कोंडते आणि ते लवकर घट्ट होते. थंडीत मात्र एका रात्रीऐवजी दोन रात्री थांबावे.

घरातील आणखी काही कामे इपॉक्सीने होतात. दाराच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले असतील, तर स्क्रू काढून भोक साफ करावे. त्यात इपॉक्सी आणि भुसा यांचे दाट मिश्रण भरावे. ते पूर्ण घट्ट झाल्यावर बारीक भोक पाडून स्क्रू पुन्हा बसवावा. न्हाणीच्या चौकटीचा खालचा भाग कुजला असेल, तर कुजलेले लाकूड काढून, चांगले लाकूड वाळवून, मग इपॉक्सीची लांबी भरता येते. पण पाणी कोठून झिरपते, ते आधी शोधले पाहिजे. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात लाकूड पुन्हा कुजेल. उन्हात राहणाऱ्या दारावरील इपॉक्सी ऊन लागून खराब होते. म्हणून त्यावर रंग द्यावा.

काम करताना स्वतःची काळजी घ्या. रेझिन आणि हार्डनर यांमुळे त्वचेला खाज सुटते. काहींना एकदा त्रास झाला की पुढे थोड्याशा स्पर्शानेही त्रास होतो. म्हणून हातमोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा. हाताला इपॉक्सी लागले, तर साबण आणि पाण्याने लगेच धुवा. हात थिनरने कधीही धुऊ नका. डोळ्यात गेले, तर १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि डॉक्टरांकडे जा. थिनर चटकन पेट घेते, म्हणून चुलीजवळ किंवा गॅसजवळ हे काम करू नका. घट्ट झालेले इपॉक्सी घासताना नाकातोंडावर रुमाल बांधा. मिश्रणासाठी जेवणाची भांडी वापरू नका. पोळपाट-लाटणेही या चिकटद्रव्याने जोडू नका. लहान भावंडांना नळ्यांपासून दूर ठेवा आणि हे काम मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, कोठे थांबायचे हे ओळखा. मोडलेली शिडी, झोपाळ्याची दांडी, छताची तुळई, कुऱ्हाडीचा दांडा या वस्तू चिकटवून वापरू नयेत. सांधा तुटला, तर तेथे माणसाच्या जिवावर बेतते. असे लाकूड बदलावेच लागते. लाकडाला वाळवी लागली असेल, तर वरून कितीही इपॉक्सी भरा, उपयोग होत नाही. अशा वेळी सुताराला बोलवा. आपल्याला जे जमत नाही, ते जाणकाराकडे नेण्यात कमीपणा नाही.

आता मी जळगावात शिकवते. ते स्टूल आजही आमच्या धुळ्याच्या घरी आहे. अम्मी त्यावर बसून भाजी निवडते. सुट्टीत घरी गेले की मी आधी त्याचे चारही पाय हलवून पाहते. अम्मी हसते आणि म्हणते, ‘‘अगं, आता किती वेळा बघशील?’’ मी काही बोलत नाही. ‘दुरुस्त झाले’ हे दोन शब्द उच्चारायला सोपे आहेत. पण ते ऐकून आपल्या घरचे माणूस त्या वस्तूवर निर्धास्तपणे पाय ठेवते. म्हणून मित्रांनो, ते शब्द तोंडातून काढण्यापूर्वी सांधा पक्का आहे ना, हे तुम्हीही पाहा.

शब्दार्थ

डुगडुगणे – सैल असल्यामुळे हलणे
सांधा – दोन भाग जोडले जातात ती जागा, जोड
खाच – लाकडात कोरलेली जागा
कुसू – खाचेत बसणारे लाकडाचे टोक
बिजागरी – दार ज्यावर फिरते ती लोखंडी पट्टी, कब्जा
पटाशी – लाकूड तासण्याचे एक हत्यार
आकसणे – आकाराने लहान होणे
ढोबळमानाने – अंदाजाने, साधारणपणे
तुळई – छताचा भार घेणारे आडवे लाकूड
कळण्याची भाकरी – ज्वारी आणि उडीद दळून केलेली खानदेशी भाकरी
जिवावर बेतणे – प्राण जाण्याची वेळ येणे
निर्धास्तपणे – न घाबरता, बेफिकीर होऊन

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखिकेने हार्डनर दुप्पट का घातले?
(आ) मिस्त्रीचाचांनी लेखिकेच्या कोणत्या तीन चुका सांगितल्या?
(इ) सांधा आणि ट्यूबची पट्टी यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा तुकडा का ठेवला?
(ई) अब्बा बसण्यापूर्वी स्टुलावर काय ठेवले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) उन्हाळ्यात इपॉक्सीचे काम सकाळी लवकर करावे.
(आ) सांधा फार जोराने दाबू नये.
(इ) मोडलेली शिडी चिकटवून वापरू नये.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पांढरे चिकटद्रव्य आणि इपॉक्सी यांत कोणता फरक आहे?
(आ) ‘चुकीची दुरुस्ती मोडक्या वस्तूपेक्षाही धोक्याची असते.’ हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

प्र. ४. विचार करा आणि सांगा.
एक इपॉक्सी २० अंशांना ८० मिनिटे वापरता येते. पाठातील ढोबळ नियमाप्रमाणे ते ४० अंशांना किती मिनिटे वापरता येईल?

प्र. ५. भाषाभ्यास.
(अ) ‘सरस’ आणि ‘सरेश’ या शब्दांत साम्य आहे. त्याचप्रमाणे पुढील मराठी शब्दांसारखे उर्दू शब्द शोधा : खुर्ची, दुरुस्ती, लाकूड, रुमाल, बाजार.
(आ) ‘हात साबणाने धुवा.’ हे आज्ञार्थी वाक्य आहे. पाठातून आणखी चार आज्ञार्थी वाक्ये शोधून लिहा.

उपक्रम : तुमच्या घरातील सैल झालेल्या लाकडी वस्तूंची यादी करा. त्यांपैकी घरी दुरुस्त करता येतील अशा आणि सुताराकडे न्याव्या लागतील अशा वस्तूंचे दोन गट पाडा. तुमचे उत्तर घरातील मोठ्या माणसांना दाखवा.